ओळ नेमकी कुठे संपते : ओळसमाप्तीची चिन्हे ओळखण्याची, बदलण्याची आणि सांभाळण्याची पद्धत

शुद्धलेखन तपासणीसाठी मराठी शब्दांची सूची तयार करण्याचे काम मी काही काळ करत होतो. दोन वेगळ्या संगणकांवर तयार झालेल्या दोन सूची माझ्याकडे आल्या. त्या एकापुढे एक जोडून मी ‘सॉर्ट’ने क्रमाने लावल्या आणि ‘युनिक’ला पुन्हा आलेले शब्द गाळायला सांगितले. तरीही ‘आकाश’ हा शब्द दोन ओळींवर दोनदा उभा होता. ‘आठवण’ दोनदा होता, ‘आरसा’ही दोनदा होता. दोन ओळींत डोळ्यांना कसलाही फरक दिसत नव्हता. मराठी मजकुराशी रोज संबंध येणाऱ्या माणसाचा पहिला संशय युनिकोडवर जातो, तसाच माझाही गेला. ‘ऱ्य’सारख्या जोडाक्षरात लपून बसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह, नुक्ता, वेगळ्या क्रमाने टाइप केलेला अनुस्वार अशा सगळ्या शक्यता तपासण्यात माझी एक संध्याकाळ गेली. वास्तविक ‘आकाश’ या शब्दात असे काहीही नाही, हे मला आधीच सुचायला हवे होते. फरक शब्दात नव्हता, तो शब्द संपल्यानंतरच्या एका बाइटमध्ये होता.

त्या बाइटचे नाव कॅरेज रिटर्न. त्याला कसे ओळखावे, कसे काढावे, कुठे मुळीच काढू नये आणि पुन्हा शिरू नये म्हणून काय बंदोबस्त करावा, हे या लेखात सांगायचे आहे. कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लहान लिपीत टाइप करावीत, आणि एखादे अक्षर कॅपिटल हवे असेल तेथे तसे सांगितले आहे. ‘उलटी तिरकी रेघ’ म्हणजे वरून खाली उजवीकडे उतरणारी रेघ, आणि नुसती ‘तिरकी रेघ’ म्हणजे तिच्या उलट दिशेची.

दोन हालचालींची गोष्ट

ॲस्की संकेतप्रणालीत कॅरेज रिटर्नचा क्रमांक १३ आहे आणि लाइन फीडचा १०. युनिक्स, लिनक्स आणि आजचे मॅकओएस यांवर ओळीच्या शेवटी केवळ १० हा बाइट असतो. विंडोजवर १३ आणि १० असे दोन बाइट त्याच क्रमाने असतात. नवव्या आवृत्तीपर्यंतच्या जुन्या मॅक ओएसवर नुसता १३ असे. या तीन पद्धतींमागचे कारण समजले नाही, तर पुढच्या सगळ्या कमांड मंत्रासारख्या पाठ कराव्या लागतात. म्हणून थोडे मागे जावे लागेल.

दूरमुद्रक, म्हणजे टेलिप्रिंटर, हे टंकलेखन यंत्राचेच भावंड होते. अक्षर उमटवणारा भाग एका गाड्यावर बसवलेला असे, आणि तो गाडा प्रत्येक अक्षरागणिक उजवीकडे सरके. नवी ओळ सुरू करण्यासाठी यंत्राला दोन स्वतंत्र हालचाली कराव्या लागत. गाडा डावीकडे परत आणायचा, ही पहिली. कागद एक ओळ वर सरकवायचा, ही दुसरी. या दोन हालचालींसाठी दोन वेगळे संकेत डोनाल्ड मरे यांच्या १९०१ च्या तारसंकेतात आले, आणि पुढे १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्कीमध्येही ते तसेच राहिले. त्याच वर्षी बाजारात आलेला टेलिटाइप मॉडेल ३३ हा दूरमुद्रक सेकंदाला १० अक्षरे छापत असे, म्हणजे एका अक्षराला सेकंदाचा दहावा भाग मिळे. ओळीच्या उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत गाडा परत यायला मात्र त्याहून अधिक वेळ लागे. परतीचा संकेत दिल्यावर लगेच पुढचे अक्षर पाठवले, तर ते गाडा वाटेत असतानाच कागदावर कुठेतरी मध्येच उमटे. म्हणून आधी गाडा सोडायचा आणि तो परत येत असताना कागद सरकवून घ्यायचा, असा क्रम पडला. आधी १३, मग १० हा क्रम असा यंत्राच्या गतीतून आलेला आहे. कधी तेवढ्यानेही भागत नसे, आणि काहीही न छापणारी शून्य क्रमांकाची चिन्हे मध्ये भरावी लागत.

दोन संकेत वेगळे असण्याचा फायदाही होता. कागद न सरकवता गाडा परत आणला की त्याच ओळीवर दुसऱ्यांदा छापता येई, आणि शब्द ठळक करणे किंवा अधोरेखित करणे त्यातून साधे. टर्मिनलवर एखादी फाइल उतरत असताना टक्केवारीचा आकडा एकाच जागी बदलत राहतो, तेथे आजही तीच युक्ती वापरलेली असते. आकडा छापल्यावर नुसता १३ पाठवला जातो आणि पुढचा आकडा आधीच्याच जागी लिहिला जातो.

१९६४ साली मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ज्या प्रकल्पाचे काम सुरू झाले, त्यात एक महत्त्वाचा निर्णय झाला. यंत्राच्या हालचाली फाइलमध्ये साठवायच्या नाहीत. फाइलमध्ये ‘येथे ओळ संपली’ एवढेच सांगणारे एक चिन्ह ठेवायचे, आणि कोणत्या उपकरणाला किती हालचाली लागतात याची चिंता त्या उपकरणाच्या ड्रायव्हरने, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, करायची. या कामासाठी लाइन फीडची निवड झाली. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स उभारले, तेव्हा त्यांनी हीच पद्धत उचलली. मला स्वतःला हा निर्णय फार योग्य वाटतो, कारण त्यात मजकूर आणि मजकूर दाखवणारे यंत्र यांची फारकत केलेली आहे.

ही फारकत डोळ्यांनी पाहता येते. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘एसटीटीवाय’ ही कमांड लिहून तिच्यापुढे, एक मोकळी जागा सोडून, हायफन आणि त्याला चिकटून ‘ओएनएलसीआर’ ही अक्षरे द्यावीत, आणि अर्धविराम देऊन त्याच ओळीत एखादी चारपाच ओळींची फाइल ‘कॅट’ने दाखवायला सांगावी. पहिली ओळ जेथे संपली त्याच्या बरोबर खालून दुसरी ओळ सुरू होईल, तिच्या शेवटाखालून तिसरी, आणि मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उजवीकडे उतरत जाईल. प्रत्येक १० च्या आधी १३ जोडून देण्याचे ड्रायव्हरचे काम आपण क्षणभर थांबवलेले असते. ‘एसटीटीवाय’पुढे ‘सेन’ हा शब्द देऊन टाइप केले की सगळे पूर्ववत होते. ज्याला हा विषय कायमचा समजून घ्यायचा आहे, त्याने हा प्रयोग एकदा अवश्य करावा.

दुसरा प्रवाह वेगळ्या वाटेने गेला. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या यंत्रांवर दोन्ही चिन्हे फाइलमध्येच ठेवण्याची रीत होती. गॅरी किल्डॉल यांच्या १९७४ च्या सीपी/एम प्रणालीने ती घेतली, सीपी/एमच्या वळणावर घडलेल्या आणि १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने ती पुढे चालवली, आणि विंडोजला ती वारशाने मिळाली. ॲपलने नुसता १३ निवडला होता. २००१ मध्ये युनिक्सवर आधारलेली मॅक ओएस एक्स आली आणि ॲपलही १० कडे वळले. आयबीएमच्या ८० स्तंभांच्या छिद्रपत्रांवर तर ओळसमाप्तीचे चिन्हच नव्हते, कारण एक पत्र म्हणजे एक ओळ, आणि पत्राची कडा हाच ओळीचा शेवट.

साधनांना ओळ म्हणजे काय वाटते

मजकुरावर काम करणारी जी साधने आपण आज वापरतो, त्यांचे कूळ एकेका ओळीवर काम करणाऱ्या लाइन एडिटरपर्यंत जाते. १९६० च्या दशकात बर्कली येथे ‘क्यूईडी’ हा संपादक तयार झाला. टॉम्प्सन यांनी त्याची आपली आवृत्ती लिहिताना त्यात रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे शोधायच्या मजकुराचा नमुना लिहिण्याची पद्धत, आणले, आणि युनिक्ससाठी त्यातूनच ‘ईडी’ हा आटोपशीर संपादक घडवला. ‘ईडी’मध्ये जी, तिरकी रेघ, शोधायचा नमुना (रेग्युलर एक्सप्रेशन, थोडक्यात ‘आरई’), तिरकी रेघ, पी असे लिहिले की नमुना असलेली प्रत्येक ओळ छापली जाई. ही सोय स्वतंत्र साधन म्हणून वेगळी काढली, तेव्हा तिचे नाव त्या आज्ञेवरूनच ‘ग्रेप’ पडले. हे १९७३ च्या सुमाराचे. त्याच वर्षी डग मॅकिलरॉय यांनी लावून धरलेली पाइपची कल्पना युनिक्समध्ये आली आणि एका साधनाचा निपज दुसऱ्याला थेट देता येऊ लागला. पाठोपाठ ली मॅकमेहन यांचे ‘सेड’ आले, १९७७ मध्ये एहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांच्या आद्याक्षरांचे ‘ऑक’ आले, आणि १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची ‘पर्ल’ आली.

ही सगळी साधने पाइपमध्ये एकमेकांशी गुण्यागोविंदाने राहतात, कारण ओळ म्हणजे काय याबद्दल त्यांच्यात एकमत आहे. पुढचा १० येईपर्यंत जे काही येईल ती ओळ. युनिक्ससारख्या प्रणालींसाठी ठरवलेल्या पॉसिक्स प्रमाणातही ओळीची व्याख्या हीच आहे, आणि तिच्यानुसार शेवटचा १० हा ओळीचाच भाग आहे. या व्याख्येत १३ ला काहीही विशेष स्थान नाही. ते ‘क’ किंवा ‘श’ यांच्यासारखेच एक चिन्ह आहे. त्यामुळे ‘युनिक’ने माझे दोन ‘आकाश’ वेगळे मानले यात त्याची चूक नव्हती. त्याच्या दृष्टीने एका ओळीत ‘आकाश’ होते आणि दुसऱ्या ओळीत ‘आकाश’ व त्यापुढे आणखी एक चिन्ह होते.

विंडोजहून आलेल्या फाइलीच्या बहुतेक तक्रारी याच एका गोष्टीतून निघतात. ‘ग्रेप’मध्ये ओळीचा शेवट दाखवणारा डॉलर दिला की काहीच सापडत नाही, कारण शब्द आणि शेवट यांच्या मध्ये १३ बसलेला असतो. ‘ऑक’मध्ये शेवटच्या रकान्याची तुलना जुळत नाही, आधीच्या सगळ्या रकान्यांची जुळते. सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार शेल स्क्रिप्टचा, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइलचा, आहे. पहिल्या ओळीत त्या कमांड चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रॅमचा पत्ता अचूक लिहिलेला असतो, बॅश त्या जागी असतो, तरी ‘अशी फाइल अथवा डिरेक्टरी नाही’ असा संदेश येतो. लिनक्सचा गाभा असलेले कर्नल ती ओळ १० पर्यंत वाचते आणि ‘बॅश’ व १३ मिळून जे नाव होते त्या नावाचा प्रोग्रॅम शोधते. तसा प्रोग्रॅम खरोखरच नसतो. संदेश खरा असतो, पण नावातले शेवटचे चिन्ह आपल्याला दिसत नसते.

आधी पाहावे

समस्या ओळसमाप्तीची आहे अशी शंका आली की पहिला नियम हा, की काहीही बदलण्याआधी बाइट पाहावेत. एडिटरमध्ये फाइल उघडून पाहिल्याने बरेचदा काहीच कळत नाही, कारण चांगला एडिटर तिन्ही पद्धती निमूटपणे समजून घेतो आणि ओळी नीट दाखवतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारखे एडिटर तळाच्या पट्टीत ‘सीआरएलएफ’ किंवा ‘एलएफ’ (सीआर म्हणजे कॅरेज रिटर्न, एलएफ म्हणजे लाइन फीड) असे लिहितात, तिकडे लक्ष ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

टर्मिनलवर सर्वांत झटपट उत्तर ‘फाइल’ या कमांडने मिळते. तिच्यापुढे फाइलचे नाव दिले की ओळी सीआरएलएफने संपतात की सीआरने, हे ती सांगते. साध्या एलएफबद्दल ती काहीच बोलत नाही. ‘कॅट’ला हायफन आणि कॅपिटल ए हा पर्याय दिला तर प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलर दिसतो, आणि १३ असेल तर त्याच्या आधी टोपीचे चिन्ह व ‘एम’ हे अक्षर दिसते. रोमन वर्णमालेत एम हे तेरावे अक्षर आहे, म्हणून कंट्रोल आणि एम म्हणजे १३. जे हे दहावे, म्हणून कंट्रोल आणि जे म्हणजे १०. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र ‘कॅट’चे हे रूप पाहून घाबरून जाऊ नये. देवनागरी अक्षरांच्या जागी तेथे ‘एम’ व हायफनने सुरू होणाऱ्या चिन्हांची रांग दिसते. मजकूर बिघडलेला नसतो, बाइट उघडे करून दाखवलेले असतात. आपण ओळीच्या शेवटाकडे पाहावे.

मला स्वतःला मोजणी अधिक विश्वासाची वाटते. ‘टीआर’ या कमांडला हायफन सी डी असा पर्याय द्यावा, त्यापुढे एकेरी अवतरणात उलटी तिरकी रेघ व आर लिहावे, ‘पेक्षा लहान’ या चिन्हाने फाइल तिच्यात सोडावी आणि निपज पाइपने ‘डब्ल्यूसी’कडे, हायफन सी या पर्यायासह, द्यावा. यातून फाइलमध्ये १३ किती आहेत हे कळते. मग ‘डब्ल्यूसी’ हायफन एल या पर्यायाने १० किती आहेत ते मोजावे. पहिली संख्या शून्य असेल तर फाइल युनिक्स पद्धतीची आहे. दोन्ही संख्या सारख्या असतील तर ती विंडोज पद्धतीची असणार. दुसरी शून्य आणि पहिली मोठी असेल तर हाती जुन्या मॅकची फाइल आली आहे. पहिली संख्या दुसरीपेक्षा कमी पण शून्याहून अधिक असेल, तर फाइल मिश्र आहे, आणि माझ्या जोडलेल्या सूचीचे नेमके हेच झाले होते. पहिली दुसरीपेक्षा जास्त भरली, तर कोणीतरी आधीच सीआरएलएफ असलेल्या मजकुरावर पुन्हा एकदा रूपांतर केले आहे आणि प्रत्येक ओळीअखेर १३, १३, १० अशी त्रयी तयार झाली आहे.

एका शब्दावर हे पडताळून पाहता येते. ‘आकाश’ या शब्दात आ, क, काना आणि श असे चार युनिकोड घटक आहेत. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट घेतो, म्हणून शब्दाचे १२ बाइट झाले. या एकाच शब्दाची फाइल युनिक्सवर १३ बाइटची भरते आणि विंडोज पद्धतीने १४ बाइटची. माझ्या त्या संध्याकाळी मी फाइलीचा आकार पाहिला असता, तरी उत्तर मिळाले असते.

मग बदलावे

मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवल्याशिवाय रूपांतराला हात घालू नये. ‘डॉस-टू-युनिक्स’ (टाइप करताना हायफन न देता, ‘टू’च्या जागी इंग्रजी दोनचा अंक) हे साधन उपलब्ध असेल तर तेच वापरावे, कारण ते बायनरी वाटणारी फाइल आपणहून वगळते, आणि हायफन आय हा पर्याय दिला तर काहीही न बदलता तिन्ही प्रकारच्या समाप्ती किती आहेत ते मोजून दाखवते. नेहमीच्या वापरात मात्र ते मूळ फाइलीवरच लिहिते, हे विसरू नये. उलट दिशेला ‘युनिक्स-टू-डॉस’ आहे.

ते साधन नसेल तर ‘टीआर’ सगळीकडे असते. हायफन डी हा पर्याय देऊन एकेरी अवतरणात उलटी तिरकी रेघ व आर लिहिले की प्रत्येक १३ गळून पडतो. येथे एक घात होतो, तो सांगितलाच पाहिजे. वाचायची आणि लिहायची फाइल एकाच नावाची दिली, तर ‘टीआर’ सुरू होण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करते आणि मजकूर कायमचा जातो. नेहमी वेगळ्या नावाने लिहावे, तपासावे, आणि मगच नाव बदलावे.

‘सेड’ अधिक नेमके आहे, कारण ते केवळ ओळीच्या शेवटचाच १३ काढू शकते. त्याचा आदेश असा: एस, तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, आर, डॉलर, तिरकी रेघ, तिरकी रेघ. हे सगळे एकेरी अवतरणात आणि मध्ये मोकळी जागा न सोडता लिहावे. ग्नू प्रकल्पाच्या ‘सेड’ला उलट्या रेघेपुढचा आर समजतो, प्रत्येक ‘सेड’ला समजतोच असे नाही, म्हणून आधी एका ओळीवर करून पाहावे. जुन्या मॅकच्या फाइलीत १३ काढून टाकून चालणार नाही, कारण मग सगळ्या ओळी एकमेकींना चिकटतील. तेथे ‘टीआर’ला आर आणि एन अशी दोन्ही चिन्हे देऊन १३ च्या जागी १० घालावा लागतो. हाच उपाय विंडोजच्या फाइलीवर केला तर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते. आधी पाहावे हा नियम मी इतक्या आग्रहाने सांगतो, त्याचे कारण हे आहे.

मराठी मजकुरासाठी याहूनही मोठी खबरदारी संकेतप्रणालीची आहे. यूटीएफ-८ मध्ये ॲस्कीबाहेरच्या प्रत्येक घटकाचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. त्यामुळे १० आणि १३ हे बाइट देवनागरी अक्षराच्या पोटात कधीच सापडत नाहीत आणि वरच्या सगळ्या कमांड निर्धास्तपणे चालतात. यूटीएफ-१६ मध्ये असे नाही. ‘ऊ’ या अक्षराचा युनिकोड क्रमांक २३१४ आहे, म्हणजे ९ गुणिले २५६ अधिक १०. यूटीएफ-१६ मध्ये तो ९ आणि १० अशा दोन बाइटांत साठवला जातो. बाइट पाहून काम करणाऱ्या एखाद्या साधनाने १० च्या आधी १३ घालत जायचे ठरवले, तर ‘ऊन’ आणि ‘ऊस’ या शब्दांतला ‘ऊ’ त्याला ओळीचा शेवट वाटेल, तेथे एक बाइट जास्तीचा शिरेल, आणि दोन-दोन बाइटांची जोडी एका घराने सरकून पुढचा मजकूर वाचता येणार नाही असा होईल. १३ नुसता काढला तरी त्याच्या जोडीचा शून्य मागे राहतो आणि परिणाम तोच होतो. म्हणून फाइल यूटीएफ-१६ मध्ये असेल, तर आधी ‘आयकॉन्व्ह’ने ती यूटीएफ-८ मध्ये आणावी आणि मगच ओळसमाप्तीला हात लावावा.

चित्रे, संकुचित फाइली आणि इतर बायनरी यांवर तर हे रूपांतर कधीही करू नये. फाइली पाठवण्याच्या एफटीपी या प्रोटोकॉलच्या ॲस्की पद्धतीने, म्हणजे वाटेत ओळसमाप्ती बदलणाऱ्या पद्धतीने, चित्र पाठवून ते नासवल्याचा अनुभव एका पिढीने घेतला आहे. पीएनजी या चित्रप्रकाराची रचना करणाऱ्यांनी म्हणूनच फाइलीच्या सुरुवातीलाच पहारा बसवला. प्रत्येक पीएनजी फाइलचे पहिले ८ बाइट १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असेच असतात. कोणी १३ आणि १० च्या जोडीचा नुसता १० केला, तर पाचवा बाइट जुळत नाही. कोणी १० च्या आधी १३ घातला, तर शेवटचा जुळत नाही. मधला २६ हा डॉसमध्ये मजकूर संपल्याची खूण होता, त्यामुळे चुकून ‘टाइप’ कमांडने फाइल दाखवली तर छपाई तेथेच थांबे. आठ बाइटांत इतका विचार केलेला पाहून मला आजही आदर वाटतो.

जेथे सीआरएलएफच हवे

युनिक्सची पद्धत बरी म्हणून सगळीकडे १३ काढत सुटणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. इंटरनेटवरील जुने मजकुरी प्रोटोकॉल दोन्ही चिन्हांवर उभे आहेत. ईमेल वाहून नेणाऱ्या एसएमटीपीमध्ये प्रत्येक ओळ सीआरएलएफने संपली पाहिजे, आणि ज्या ओळीवर केवळ एक टिंब आहे ती ओळ म्हणजे संदेशाचा शेवट. काही सर्व्हर सढळपणे नुसता १० देखील ओळीचा शेवट मानत, काही मानत नसत. डिसेंबर २०२३ मध्ये उजेडात आलेल्या एसएमटीपी स्मगलिंग या हल्ल्याने नेमका याच मतभेदाचा फायदा घेतला. पाठवणाऱ्या सर्व्हरला जो एकच संदेश वाटतो, तो स्वीकारणाऱ्या सर्व्हरला मध्येच संपलेला दिसतो आणि उरलेला भाग नवा, खोट्या प्रेषकाचा संदेश म्हणून स्वीकारला जातो. वेबपाने वाहून नेणाऱ्या एचटीटीपीच्या शीर्षओळींनाही सीआरएलएफच लागते. विंडोजच्या बॅच फाइलीही सीआरएलएफमध्येच ठेवाव्यात.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली, फाइल लिहिताना उघडण्याच्या वेळीच ‘न्यूलाइन’ हा घटक रिकाम्या अवतरणांसह द्यावा. तो विसरला तर विंडोजवर वर सांगितलेली १३, १३, १० ही त्रयी तयार होते आणि एक्सेलमध्ये एकाआड एक रिकाम्या ओळी दिसतात.

कायमचा बंदोबस्त

एकदा साफ केलेली फाइल दुसऱ्या दिवशी पुन्हा मिश्र होते, कारण ज्यांच्याकडून ती येते त्यांचे एडिटर बदललेले नसतात. एकापेक्षा जास्त माणसे काम करत असतील, तर नियम माणसांच्या लक्षात नव्हे, प्रकल्पाच्या फाइलीत ठेवावा. फाइलींच्या बदलांचा इतिहास एका भांडारात ठेवणाऱ्या गिट या साधनात प्रत्येकाने आपापल्या संगणकावर ‘ऑटो-सीआरएलएफ’ हे सेटिंग लावण्याची रीत आहे, पण एकाने लावले आणि दुसऱ्याने नाही तर घोटाळा वाढतोच. त्याऐवजी प्रकल्पाच्या मुळाशी, नावाच्या आरंभी टिंब असलेली ‘गिटॲट्रिब्यूट्स’ ही फाइल ठेवावी. तिच्यात पहिल्या ओळीवर तारा, मोकळी जागा आणि ‘टेक्स्ट’ बरोबर ‘ऑटो’ असे लिहावे. म्हणजे गिट ज्याला मजकूर समजते, ते सगळे भांडारात एलएफने साठवले जाईल. शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल’ बरोबर ‘एलएफ’, बॅच फाइलींसाठी ‘ईओएल’ बरोबर ‘सीआरएलएफ’ आणि चित्रांसाठी ‘बायनरी’ अशा स्वतंत्र ओळी द्याव्यात. एडिटरसाठी ‘एडिटरकॉन्फिग’ फाइलमध्येही ‘एंड ऑफ लाइन’चा नियम लिहिता येतो.

नियम लिहिल्याने जुन्या फाइली बदलत नाहीत. त्यासाठी ‘गिट ॲड’ ही कमांड ‘रीनॉर्मलाइझ’ या पर्यायासह, पुढे टिंब देऊन, एकदा चालवावी. या बदलाचा कमिट, म्हणजे गिटमधली नोंद, वेगळा करावा, त्यात दुसरे काहीही मिसळू नये. नाहीतर फाइलीची प्रत्येक ओळ बदललेली दिसते आणि त्या ढिगाऱ्यात खरा बदल कोणता हे नंतर कोणालाच शोधता येत नाही. शेवटी ‘गिट एलएस-फाइल्स’ला दोन हायफन आणि ‘ईओएल’ हा पर्याय देऊन यादी पाहावी. पहिल्या रकान्यात भांडारातील रूप असते, दुसऱ्यात आपल्या डिस्कवरील. पहिल्या रकान्यात ‘मिक्स्ड’ हा शब्द जेथे दिसेल, ती फाइल अजून सुटलेली आहे.

फाइलीचा शेवटचा १० देखील तपासावा. तो नसेल तर ‘डब्ल्यूसी’ एक ओळ कमी मोजते आणि ‘कॅट’ने दोन फाइली जोडताना पहिलीचा शेवटचा शब्द दुसरीच्या पहिल्या शब्दाला चिकटतो. माझ्या सूचीतले सगळे १३ काढून झाल्यावर ‘आकाश’ एकदाच उरला, पण दोन सूचींच्या सांध्यावर कोणत्याही कोशात न सापडणारा एक लांबलचक शब्द राहिला होता, आणि तो मात्र मला हातानेच तोडावा लागला.